पांढरकवड्यात वाळत घातलेली बोट

पांढरकवड्याला मी मास्तरीण म्हणून रुजू झाले तेव्हा शाळेला माझी गरज होती, शेजाराला नव्हती. मुलींना शिकवायला बाई मिळत नव्हती म्हणून माझ्यासाठी पायघड्या घातल्या गेल्या. शाळा सुटून मी गल्लीत शिरले की त्या पायघड्या कुणीतरी गुंडाळून ठेवलेल्या असत. हैदराबादकडे जाणाऱ्या सडकेजवळ, ट्रकच्या अड्ड्यामागं, एका पेन्शनरांच्या परसातली खोली मी भाड्यानं घेतली होती. खोलीपुढं मोठं अंगण आणि अंगणात कडुलिंब. घरमालकांनी मला जात विचारली नाही. ती त्यांना आधीच ठाऊक होती आणि तरी खोली दिली, म्हणून मी त्यांना भला माणूस म्हणते.

अंगणाच्या कोपऱ्यावर गल्लीची विहीर होती. दुसऱ्या कुणी पोहरा ओढून वरून पाणी घालेपर्यंत मी घागर घेऊन उभं राहायचं, हा नियम मला कुणी सांगितला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. मी एकदाच उभी राहिले. दुसऱ्या दिवसापासून बाजाराजवळच्या नळावर जाऊ लागले. नळ लांब होता, पण माझा राग त्याहून लांबचा होता.

एकटेपणाविषयी लोक बोलतात तेव्हा रात्रीविषयी बोलतात. मला रात्र जड जात नसे, थकून झोप लागे. जड जायची ती शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंतची वेळ. बायका ओट्यावर तूर निवडत बसलेल्या असत. मी दिसले की बोलणं थांबे आणि कुणीतरी अदबीनं विचारी, "सुटली का शाळा, बाई?" मी म्हणे, "सुटली." शाळेबाहेरचं माझं दिवसाचं बोलणं तिथं संपे. एकटीसाठी ताट घ्यायचं मी कधीच सोडलं होतं. भाकर हातावर घ्यायची, तिच्यावर चटणी, आणि स्टोव्ह विझायच्या आत जेवण उरकायचं.

आमचं गाव मुकुटबनच्या बाजूचं. छप्पन साली वडलांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि परत आल्यावर गावची मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं. मग गावानं आम्हाला शेतावर बोलावणं सोडलं. माझा थोरला भाऊ, दादा, कामाच्या शोधात भोपाळकडे गेला. मी वसतिगृहात राहून शिकले. दरम्यान आई गेली, पाठोपाठ वडील गेले, आणि आम्ही दोघं दोन टोकांना उरलो. दादाला भोपाळच्या मोठ्या तलावावर एका बोटक्लबात काम लागलं होतं. आधी बोटी खरवडायच्या, रंगवायच्या. मग हळूहळू शिडाची दोरी हातात आली. आमच्या गावच्या नाल्यात दिवाळीनंतर म्हैस बुडेल एवढंही पाणी राहत नसे, आणि त्या गावचा पोरगा वाऱ्यावर बोटी पळवत होता. याचं मला फार अप्रूप होतं, पण सांगायला कुणी नव्हतं.

साठ सालानंतरच्या त्या एका वर्षी, होळीच्या आधी, दादाचं कार्ड आलं. हैदराबादच्या तलावावर शिडाच्या बोटींच्या शर्यती भरणार होत्या, ऑलिंपिकमध्ये असतात त्याच प्रकारच्या बोटींच्या. देशोदेशीचे खेळाडू येणार आणि यजमान आपण. यजमानांना एक जादा बोट उतरवायची मुभा होती आणि ती बोट दादाच्या क्लबाची होती. दोन माणसांची बोट. सुकाणूवर क्लबाचे एक निवृत्त लष्करी साहेब आणि पुढं दादा! अट एकच. शनिवारी दिवे लागायच्या आत बोट तिथं पोचवायची आणि दोघांनी समक्ष उभं राहून नावं द्यायची. दादा पोचला नाही तर साहेब दुसरा गडी घेणार होते. साहेब आगगाडीनं पुढं गेले. दादा बोटीसोबत ट्रकनं नागपूरवरून येणार होता आणि वाटेत एक रात्र माझ्याकडं मुक्काम करणार होता.

बुधवारी सकाळी ट्रक आला. ड्रायव्हर नागपूरचा, पिकल्या दाढीचा. त्यानं उतरल्या उतरल्या मागच्या चाकावरच्या कमानीचा पाटा तुटल्याचं सांगितलं. पाटा बदलायचा तर ट्रक रिकामा करायला हवा होता, म्हणून अड्ड्यावरच्या हमालांनी बोट खांद्यावर घेऊन माझ्या अंगणात आणली आणि लिंबाखाली दोन बाजांवर ठेवली. लांबलचक, पातळ लाकडाची, माणसाला उगाच जपून बोलायला लावणारी अशी ती वस्तू होती. गल्ली गोळा झाली. एकानं विचारलं, "याले बैल कुठी जुपतेत?" दादा हसून म्हणाला, "हवा जुपतेत, काका."

मला वार्षिक परीक्षेच्या कामाला जाणं भाग होतं. दादा ड्रायव्हरबरोबर वर्कशॉपात गेला. घरमालक म्हणाले, मी आहे, बोटीला कुणी हात लावणार नाही.

शाळा सुटून मी परतले तर अंगणात चिखल झाला होता. विहिरीपासून लिंबापर्यंत माणसांची रांग लागली होती, राखणीला बसलेले घरमालकही तिच्यात होते, आणि घागरीमागून घागर हातोहात पुढं जात होती. बोट काठोकाठ भरली होती. बाहेरून तिला ओली पोती गुंडाळली होती. तिच्या टोकाला कुणीतरी हळदकुंकूही लावलं होतं. रांगेच्या तोंडाशी आमच्या गल्लीतला म्हातारा वाढई उभा होता. त्याचं काम बैलगाड्या करायचं, आणि त्या कामात तालुक्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

उन्हाळ्यात गाडीच्या चाकाचं लाकूड वाळतं, आटतं, आणि त्याच्यावरची लोखंडी धाव ढिली पडते. म्हणून आमच्याकडे चाकं काढून नाल्याच्या डोहात बुडवून ठेवतात. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि धाव घट्ट बसते. वाढईनं बोटीचं लाकूड पाहिलं. खालच्या अंगाला वार्निश नाही, कोरडं ठणठणीत, टिचकी मारली तर वाजणारं. त्याचा जीव कळवळला.

"बाई, तुमी फिकर नोका करू," तो मला म्हणाला. "लाकूड पार तहानलं होतं. चाकाले पाजतो तसं पाजलं. सकाळपावतर असं फुगन का एक थेंब आत जानार नाही. विदेशातले लोक पाहून राह्यले असतीन. आपल्या देशाची बोट गळाले नाही पायजे."

मला बोटीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मी पाहत होते ते पाणी. ज्या विहिरीवर मला ताटकळावं लागत होतं, तिचं पाणी माझ्या उंबऱ्यापर्यंत वाहत आलं होतं. गल्लीतली झाडून सगळी माणसं माझ्या अंगणात होती, पदर खोचून, घामाघूम होऊन, आणि त्यांना मी कोण याची आठवणही नव्हती. मला आनंद झाला, आणि आनंद झाला याचा संतापही आला.

दादा आला आणि फाटकातच थांबला. त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. वाढई लगबगीनं पुढं गेला आणि त्यालाही तहानेचं सगळं समजावून सांगितलं. दादानं ऐकून घेतलं. मग हात जोडले आणि म्हणाला, "लय मेहनत केली काका तुमी. आता मी पाह्यतो." लोक खूश होऊन घरोघर गेले.

आत येऊन तो भिंतीला टेकून बसला. "हे गाडीचं चाक नाही ना वो," तो मला म्हणाला. "हे लाकूड जेवढं कोरडं तेवढं हलकं, अन् हलकं तं पळन. जुनं वार्निश मी मुद्दाम खरडून आनलं, तिथं ताजं द्याले. उघडं लाकूड पानी पेलं आता. धोंडा झाला तिचा."

"उन्हात घालू उद्या," मी म्हटलं.

"उन्हात वाकीन थे. सावलीतच वाळाले पायजे, हवेवर. उद्या दिसभर वाळली तं शुक्रवारी पहाटे निंघू. पोचतो शनिवारच्या आत."

आम्ही दोघांनी पाणी उपसलं, पोती सोडली, बोट पालथी केली. मग मी पातोडीचा रस्सा केला, भाकरी थापल्या आणि त्याला ताट वाढलं. तो म्हणाला, "तुहं?" माझ्याकडं दुसरं ताट नव्हतं. मी पातेल्यावरचं झाकण उलटं करून घेतलं आणि हसण्यावारी नेलं. तो हसला नाही.

"कोन येते इथं?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही."

"मंग तू कुठी जातं?"

"शाळेत जाते की."

तो खाली मान घालून जेवला, दोन भाकरी जास्त जेवला.

गुरुवारी मी अर्ध्या दिवसानं पळतच घरी आले. दारात कुणीतरी असणार ही जाणीव इतकी नवी होती की वाटेत मी दोनदा स्वतःशीच बोलले. अंगणात निम्मी गल्ली होतीच. दादानं वाढईला आदल्या दिवशीची गोष्ट हलक्या शब्दांत सांगितली होती. म्हातारा ओशाळून गेला होता आणि धोतराच्या सोग्यानं बोटीचं पोट पुसत बसला होता. दादा सगळ्यांना शर्यतीचं सांगत होता. तलावात तीन ठिकाणी रंगीत पिंपं तरंगत सोडतात, तोफेच्या बारावर बोटी सुटतात, त्या पिंपांना वळसे घालून परत यायचं. पाहुण्यांसाठी पाणी उकळून ठेवायचं, त्यांच्या बोटी उतरवून द्यायच्या, एखाद्याचं शीड फाटलं तर आपलं द्यायचं, मग भले तोच आपल्याला हरवो. यजमानपण म्हणजे असं, तो म्हणाला. वाढईची बायको म्हणाली, "लग्नघरच म्हना ना."

मी सगळ्यांसाठी चहा केला. कुणी म्हणालं आत्ताच झाला, कुणी म्हणालं उन्हाचा सोसत नाही. वाढईनंही पोट धरून दाखवलं. दादा आणि ड्रायव्हर तेवढे प्याले. उरलेला मी लिंबाच्या मुळाशी ओतला, चारचौघांत, सगळ्यांना दिसेल असा.

संध्याकाळी ड्रायव्हर म्हणाला, पाटा बसला, निघायचं का पहाटे? दादानं बोटीच्या पोटावर तळहात ठेवला. डोळे मिटून ठेवला. "अजून वली हाय," तो म्हणाला. ड्रायव्हरनंही हात लावून पाहिला आणि दादाकडं बघत तो अड्ड्याकडं गेला.

शुक्रवारही मग माझाच झाला. खरं सांगते, दादाचा जीव टांगणीला लागलाय हे मला दिसत होतं, आणि तरी मी मनातून त्या कोरड्या वाऱ्याला म्हणत होते, जरा सावकाश. त्या दिवशी त्यानं लिंबाच्या फांदीवरून दोर सोडला, दोराला पट्टा बांधला, पट्टा कमरेला लावला आणि ओट्याच्या कडेवर पाय रोवून मागं झुकला, इतका की पाठ जमिनीला समांतर झाली. पुढचा माणूस असाच बोटीबाहेर लटकतो, तो म्हणाला. वारा बोटीला एका अंगावर पाडायला पाहतो, आणि हा आपल्या वजनानं तिला सरळ ठेवतो. मग मला म्हणाला, तू कर. मी नको नको म्हणताना त्यानं पट्टा बांधलासुद्धा. मी झुकले. वर नुसता लिंब आणि आभाळ. दादा ओरडत होता, "पाय ताठ! घाबरू नोको, दोर धरते तुले!" मी इतक्या मोठ्यानं हसले की माझं मलाच दचकायला झालं. फाटकाशी वाढईची बायको उभी होती, तीही तोंडाला पदर लावून हसत होती. पांढरकवड्यात येऊन मला वर्ष उलटलं होतं, आणि माझं हसू तिथं कुणी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी त्यानं पुन्हा तळहात ठेवला. "थोडी वली हाय. उद्या पहाटे निंघूच."

"वेळेवर पोचशील?" मी विचारलं.

"पोचतो ना. दिवे लागाच्या आत पोचतो."

शनिवारी पहाटे ते गेले. ट्रक वळेपर्यंत दादा मागं बोटीजवळ उभा राहून हात हलवत होता. मी घरात आले आणि खोली आधीपेक्षा मोठी झालेली दिसली. बाजा ज्याच्या त्याला परत गेल्या. गल्ली पुन्हा ओट्यावर गेली. "सुटली का शाळा, बाई?" "सुटली." आधी जे सवयीनं सोसलं होतं ते आता सोसेना. आलेलं माणूस गेल्यावर जे उरतं ते नुसत्या एकटेपणाहून वाईट असतं. मी राजीनामा द्यावा असंही मनात आलं, पण देऊन जाणार कुठं?

दादाचं कार्ड आलं नाही. पेपर शाळेत दोन दिवसांनी येई, त्यात पाहिलं, काही नव्हतं. मी मुलींना मात्र सांगून ठेवलं होतं की माझा भाऊ देशाकडून शर्यतीत आहे. त्या रोज विचारायच्या.

परीक्षा संपत आल्या होत्या तेव्हा एका दुपारी तोच ट्रक अड्ड्यावर थांबला. ड्रायव्हर एकटाच आला आणि दाराशी उभा राहून म्हणाला, "बहनजी, थोडा पानी मिलेगा?" मी पाणी दिलं आणि दादाला शोधत त्याच्या मागं पाहिलं.

"वो नहीं आया. परदेसी लोगों की बोटें पेटियों में बंद करके मुंबई के बंदर पे पहुंचानी थी, तो उसको उधर भेजा. यजमानों का काम तो पाहुने जाने के बाद भी रहता ना."

"शर्यत कशी झाली? कितवे आले?"

त्यानं तांब्या खाली ठेवला. "बोट उतरी. वो नहीं उतरा."

मला समजेना. मग त्यानं बसून सगळं सांगितलं. घाटात पुढं ट्रक उलटला होता, सडक बंद होती. ते पोचले तेव्हा दिवे लागून गेले होते. साहेबांनी वाट पाहून दुसऱ्या मुलाचं नाव दिलं होतं. दिलेलं नाव बदलता येत नव्हतं. सगळ्या शर्यती दादानं काठावरून पाहिल्या. रोज सकाळी तीच बोट पाण्यात ढकलायची, रोज संध्याकाळी बाहेर ओढायची.

मी म्हटलं, "त्या म्हाताऱ्यानं पाणी ओतलं नसतं तर!"

ड्रायव्हर माझ्याकडं पाहत राहिला. "आपको नहीं मालूम? बोट तो जुम्मेरात की, गुरुवार की शाम को ही सूख गई थी. सूखी हवा है आपकी, बहनजी. मैंने खुद हाथ लगाया, हड्डी की माफिक सूखी. मैंने कहा, चल मियां, पहाट को निकलते हैं. वो बोला, चाचा, एक दिन और. बहन अकेली है. तुम बोलना मत."

तो गेल्यावर मी दार लावून घेतलं. आधी मला राग आला. माझी कीव करायला मी त्याला बोलावलं नव्हतं. मग रडू आलं, आणि ते लवकर थांबलं नाही. ज्या शुक्रवारी मी लिंबाला लटकून हसत होते, तो शुक्रवार त्यानं मला दिला होता, आणि त्या बदल्यात आयुष्यात एकदाच मिळणारी जागा सोडली होती. तोवर मी समजत होते की माझा एकटेपणा माझा आहे, मी तो ताठ मानेनं वागवते आहे, कुणाचं काही घेत नाही. कुणाचं काही घेत नाही, असं पुन्हा म्हणायची सोय त्या दुपारी संपली. मी अशीच राहिले तर हा माणूस पुन्हा केव्हातरी काहीतरी सोडणार होता, आणि पुन्हा सांगणार नव्हता.

संध्याकाळी मी तोंड धुतलं, पातळ बदललं आणि वाढईच्या घरी गेले. त्याची बायको ओट्यावर होती. ती गडबडली.

"काही काम होतं का, बाई?"

"काम नाही. बसायला आले."

तिनं चवाळं टाकलं. आम्ही बोटीविषयी बोललो. दादा उतरला नाही हे मी सांगितलं नाही. म्हाताऱ्यानं जन्मभर स्वतःला बोल लावला असता. थोड्या वेळानं ती चहा ठेवायला आत गेली. बाहेर आली तेव्हा तिनं भिंतीतल्या कोनाड्याकडं हात नेला आणि तिथं एकटाच ठेवलेला, कान तुटलेला कप काढला. मी तो कप पाहिला. एरवी मी तिथल्या तिथं उठले असते.

"हा नको," मी म्हटलं. "तुम्ही ज्यातून पिता त्यातून द्या."

ती कप हातात धरून उभी राहिली. आतून म्हातारा खोकला. गल्लीतून दोघी जणी गेल्या, त्यांनी पाहिलं. मी उठले नाही.

शेवटी ती आत गेली आणि पितळी पेल्यातून चहा घेऊन आली. घरातलाच पेला होता. तो तिनं माझ्या हातात दिला नाही, समोर ठेवला. स्वतः प्याली नाही. मी चहा संपवला, पेला विसळून पालथा ठेवला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पुन्हा गेले.